टीचभर पिस्तुलाचा भरवसा किती?

उसाचे बिल जमा झाले, रस्त्यात गेलेल्या जमिनीचा मोबदला खात्यावर आला, की गावात हमखास एक चर्चा सुरू होते. ट्रॅक्टर झाला, बंगला झाला, आता 'लायसन' काढायचं. लायसन म्हणजे गाडीचं नव्हे, पिस्तुलाचं. वस्तीवर राहणाऱ्याला दरोड्याची भीती असते. वाळूच्या गाड्या अडवणाऱ्या तलाठ्याला धमक्या येतात. सरपंचाला विरोधकांची धास्ती असते. भीती खरी आहे, तिला कुणी हसू नये. पण भीती खरी म्हणून तिच्यावरचा इलाजही खरा, असे थोडेच असते?

वाचकहो, परवाना मिळतो की नाही, कुणाच्या ओळखीने मिळतो, हा आजचा विषय नाही. मिळाल्यावर जे खिशात मावणारे बारक्या बोअरचे पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर हाती येते, ते वेळेला जीव वाचवते का, एवढाच प्रश्न आहे. त्यावर पारावर पुष्कळ बोलले जाते, पण हिशेब मांडून कुणी बोलत नाही. तो आज मांडू.

बोअर म्हणजे काय?

बोअर म्हणजे नळीचे तोंड किती रुंद, ते माप. .२२ म्हणजे साधारण साडेपाच मिलिमीटर, .२५ म्हणजे सव्वासहा मिलिमीटरच्या थोडे वर, आणि .३२ म्हणजे साडेसात मिलिमीटरच्या वर. .३८ आणि ९ मिलिमीटर ही पोलीस-लष्कराच्या वापरातली मापे आपल्याकडे सर्वसाधारण माणसाला बंद आहेत. म्हणजे परवाना मिळाला तरी तुमच्या-आमच्या वाट्याला बहुधा .३२ किंवा त्याहून बारीकच येते.

सरकारी आयुध कारखान्यांनीही याच मापात छोटी हत्यारे काढली. कानपूरच्या कारखान्याने जानेवारी २०१४ मध्ये 'निर्भीक' हे .३२ चे रिव्हॉल्व्हर आणले. वजन अर्धा किलो, गोळ्या सहा, किंमत त्या वेळी सव्वा लाखाच्या आसपास. २०१२ च्या दिल्लीतल्या घटनेनंतर महिलांच्या संरक्षणासाठी म्हणून त्याचा मोठा गाजावाजा झाला. पाठोपाठ ईशापूरच्या कारखान्याने 'निडर' आणले. बोअर .२२, गोळ्या आठ आणि वजन अवघे पाव किलोच्या आसपास. याखेरीज काही जुन्या घरांतून आजोबांच्या काळातली .२५ ची विलायती पिस्तुले अजून कपाटात आहेत. १९०५ च्या सुमारास ब्राउनिंग या अमेरिकन कारागिराने हे माप खास खिशातल्या पिस्तुलासाठी काढले. ऐंशीच्या दशकापासून आयातीवर कडक निर्बंध आले, त्यामुळे असल्या विलायती मालाला भाव फार. पण भाव जास्त म्हणजे ताकद जास्त, असे कुणी समजू नये.

आता वजन-मापे बघा. .२२ ची गोळी अडीच ग्रॅमच्या थोडी वर. .२५ ची सव्वातीन ग्रॅम. .३२ पिस्तुलाची साडेचार ग्रॅमच्या वर. पोलिसांच्या ९ मिलिमीटरची साडेसात ते आठ ग्रॅम. ताकद मोजतात ज्यूलमध्ये. आखूड नळीतून सुटलेल्या .२२ किंवा .२५ च्या गोळीत ८० ते १०० ज्यूल, .३२ मध्ये दीडशे-पावणेदोनशे, ९ मिलिमीटरमध्ये साडेचारशे-पाचशे. आणि आपल्या ओळखीची बारा बोअरची बंदूक? तिच्या एका काडतुसातल्या छऱ्यांत मिळून दोन हजारांच्या वर. १०० ज्यूल म्हणजे किती, तर दहा किलोचा दगड कमरेच्या उंचीवरून खाली पडला तर जेवढा जोर, तेवढा.

सिनेमात गोळी लागली की माणूस उडून भिंतीवर आदळतो. प्रत्यक्षात तसे काही होत नाही. गोळी समोरच्याला जेवढा धक्का देते, जवळपास तेवढाच पिस्तूल तुमच्या हाताला देते. तुम्ही उडून पडत नाही ना? मग तोही पडत नाही.

मारणे वेगळे, थांबवणे वेगळे

इथेच खरी गोम आहे. 'बारकी गोळी लागली तर माणूस मरतो की नाही?' असे लोक विचारतात. मरतो, नक्की मरतो. .२२ च्या गोळीला खेळणे समजण्याची चूक कुणी करू नये. अमेरिकेत रॉबर्ट केनेडी यांच्यावर ५ जून १९६८ ला .२२ च्याच रिव्हॉल्व्हरमधून गोळ्या झाडल्या गेल्या आणि दुसऱ्या दिवशी ते गेले.

पण अंगावर कोयता घेऊन धावलेला माणूस दुसऱ्या दिवशी मेला, तर त्याचा तुम्हाला उपयोग काय? तो तिथल्या तिथे, त्या क्षणी थांबायला हवा. बारकी गोळी नेमकी इथे कमी पडते.

याचे सगळ्यांत गाजलेले उदाहरण अमेरिकेचे अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांचे. ३० मार्च १९८१ ला वॉशिंग्टनमध्ये एका हॉटेलाबाहेर त्यांच्यावर .२२ च्या रिव्हॉल्व्हरमधून गोळीबार झाला. दोन सेकंदांच्या आत सहा गोळ्या सुटल्या. एक गोळी मोटारीवर आपटून रेगन यांच्या डाव्या काखेखाली शिरली. त्यांना आधी गोळी लागल्याचे कळलेच नाही. अंगरक्षकाने मोटारीत ढकलले तेव्हा बरगडी मोडली असेल, असे त्यांना वाटले. सत्तर वर्षांचा हा माणूस दवाखान्याच्या दारातून आपल्या पायाने चालत आत गेला आणि मग कोसळला. गोळी फुप्फुसात होती, हृदयापासून जेमतेम इंचभर. त्याच गोळीबारात त्यांचे प्रसिद्धी सचिव जेम्स ब्रेडी यांच्या डोक्याला गोळी लागली आणि ते जन्माचे अधू झाले. एकच हत्यार, एकच क्षण. एकाचा जन्म गेला आणि दुसऱ्याला गोळी लागल्याचा पत्ताही नाही. असल्या हत्यारावर भरवसा ठेवायचा तो कसा?

कुणी म्हणेल, मोठी गोळी असती तर? तीही शंभर टक्के नाही. ११ एप्रिल १९८६ ला मायामीत दोन दरोडेखोर आणि एफबीआयचे जवान यांच्यात चकमक झाली. मायकेल प्लॅट नावाच्या दरोडेखोराला सुरुवातीलाच ९ मिलिमीटरची गोळी लागली. जखम जीवघेणी होती, पण गोळी हृदयापर्यंत पोचली नाही. तो लढत राहिला आणि त्यानंतर दोन जवानांचे प्राण गेले. या प्रकरणानंतर एफबीआयने १९८९ मध्ये निष्कर्ष मांडला की गोळी निदान १२ इंच खोल गेली पाहिजे. हृदय निकामी झाले तरी मेंदूत दहा-पंधरा सेकंद पुरेल इतका प्राणवायू शिल्लक असतो, असेही त्यात स्पष्ट लिहिले. मेंदूला किंवा मणक्याला इजा झाली तरच माणूस जागच्या जागी थांबतो. नाहीतर रक्त जाऊन थांबतो, त्याला वेळ लागतो. किंवा घाबरून थांबतो, ते त्याच्या मनावर असते.

९ मिलिमीटरची ही गत, तर तिच्या पाचव्या हिश्श्याच्या ताकदीचे काय सांगावे? जाड कपडे, बरगडीचे हाड, तिरका नेम, यातच तिची निम्मी शक्ती खर्ची पडते. शिवाय .२२ च्या काडतुसात ठिणगीचा मसाला बुडाच्या कडेत असतो. अशी गोळी मोठ्या काडतुसापेक्षा फुसकी निघण्याचा संभव जास्त. दहा वर्षे कपाटात दमट हवेत पडलेल्या गोळ्यांची तर बातच सोडा.

दीड सेकंदाचा हिशेब

अमेरिकेतल्या साल्ट लेक सिटीचे पोलीस प्रशिक्षक डेनिस ट्युलर यांनी १९८३ मध्ये एक साधा हिशेब मांडला. हातात सुरा घेतलेला धडधाकट माणूस २१ फूट अंतर साधारण दीड सेकंदात पार करतो. २१ फूट म्हणजे तुमच्या-आमच्या अंगणाएवढे अंतर.

आता वस्तीवरची रात्र डोळ्यांपुढे आणा. लाईट गेलेली. कुत्रे भुंकायचे एकदम थांबलेले. दार वाजते. तुम्ही झोपेतून उठता, उशाखालचे पिस्तूल चाचपडता. हात थरथरतोय. या टीचभर हत्याराची मूठ दोन बोटांत मावते, नळी दोन इंचांचीही नाही, नेम धरायची खूण अंधारात दिसत नाही. समोर एक माणूस नाही. कायद्यानेच पाच किंवा जास्त असले की त्याला दरोडा म्हणतात. तुमच्याकडे गोळ्या सहा किंवा आठ. पहिली लागली तरी तो दहा सेकंद तुमच्यावर कुऱ्हाड चालवू शकतो. आणि न लागलेली गोळी पत्र्यातून पलीकडच्या खोलीत लेकराबाळांत जाते, ती वेगळीच.

परवानाधारकांपैकी सराव किती जण करतात? २०१६ च्या शस्त्र नियमांत हत्यार सुरक्षित हाताळण्याच्या प्रशिक्षणाची अट आली, ते चांगलेच झाले. पण एकदा दाखला मिळाला की पुन्हा वर्षानुवर्षे गोळी उडवलेली नाही, अशीच बहुतेकांची कथा. नांगर न धरता कुणी शेतकरी होत नाही, तसे पिस्तूल कमरेला लावून कुणी नेमबाज होत नाही.

दुसरी बाजू

बारक्या पिस्तुलाच्या बाजूने बोलणाऱ्यांचे मुद्दे अगदीच टाकाऊ नाहीत. पहिला मुद्दा, जवळ असलेले लहान हत्यार हे घरी भिंतीवर टांगलेल्या बंदुकीपेक्षा बरे. दुसरा, म्हाताऱ्या माणसाला किंवा हातात जोर नसलेल्या बाईमाणसाला मोठ्या रिव्हॉल्व्हरचा धक्का सोसत नाही, .२२ सहज चालते. तिसरा आणि सगळ्यांत वजनदार, चोर काही मरायला येत नाही. आवाज झाला, हत्यार दिसले की बहुतेक पळतात. मग बोअर कुणी मोजत बसत नाही.

हे मान्य. भुरट्या चोराला पळवायला टीचभर पिस्तूल पुरेल. पण भुरटा चोर बॅटरीच्या झोताने, कुत्र्याने, शेजाऱ्याच्या हाळीनेही पळतोच की! ज्याला पळायचेच आहे त्याच्यासाठी पिस्तूल लागत नाही. आणि जो पळणार नाही, जो दारू पिऊन आला आहे, सूड घ्यायला आला आहे, टोळी करून आला आहे, त्याला ते थांबवत नाही. मग त्याची खरी गरज उरली कुठे?

बिबट्या आणि रानडुकराचे नाव काढणारेही पुष्कळ आहेत. जुन्नर, संगमनेरच्या उसातला बिबट्या काय आहे, ते तिकडच्या शेतकऱ्याला विचारा. बारक्या गोळीने तो थांबत नाही, जखमी होतो, आणि जखमी जनावर दुप्पट घातक. वन्यजीव कायद्याने खरोखर जीव वाचवताना जनावर मेले तर गुन्हा धरला जात नाही, हे खरे. पण पिकात शिरले म्हणून गोळी घातली, तर तो गुन्हाच.

कायदा काय म्हणतो?

इथे प्रत्येकाने कान देऊन ऐकावे. १ जुलै २०२४ पासून जुन्या दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या कलम ३४ ते ४४ मध्ये स्वसंरक्षणाचा हक्क आहे. हक्क मोठा आहे, पण त्याला कुंपण आहे. संरक्षणाला गरजेपुरतीच इजा करता येते, त्याहून जास्त नाही. पोलिसांकडे जायला वेळ होता, तर हा हक्क राहत नाही. समोरच्याचा जीव जाईपर्यंत मजल कधी मारता येते? तर मृत्यूची किंवा गंभीर दुखापतीची खरी धास्ती असेल तेव्हा, आणि कायद्यात सांगितलेल्या आणखी काही गंभीर प्रसंगी. मालमत्तेसाठी म्हणाल, तर जबरी चोरी, रात्रीची घरफोडी, राहत्या घराला आग, अशा ठरावीक प्रसंगीच. मोटार चोरली, कांदा नेला, डाळिंबं तोडली, एवढ्यावरून पळत्या चोराच्या पाठीत गोळी घातली, तर तुम्ही फिर्यादी राहत नाही, आरोपी होता. आणि आपण स्वसंरक्षणच केले, हे दाखवायची जबाबदारीही तुमच्यावरच.

आता मघाचा हिशेब याला जोडून बघा. कायदा तुम्हाला हल्ला थांबवण्याचा हक्क देतो. बारके पिस्तूल हल्ला थांबवत नाही, पण तीन दिवसांनी सिव्हिल हॉस्पिटलमध्ये माणूस मारू शकते. म्हणजे जे हवे ते मिळत नाही आणि जे नको ते पदरात पडते. वार तुम्ही सोसायचा, खटलाही तुम्हीच सोसायचा. हत्यार पोलिसांत जमा, परवान्यावर गदा, आणि तारखांना जाता जाता एकर-दीड एकर वकिलाच्या घशात.

आणखी एक गंमत बघा. गावात सगळ्यांत जास्त तणाव असतो तो निवडणुकीत. नेमक्या त्याच दिवसांत आचारसंहिता लागली की बहुतेकांना परवान्याची हत्यारे ठाण्यात जमा करावी लागतात. वरातीत हवेत बार काढायची हौस असेल, तर २०१९ च्या दुरुस्तीने त्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. आणि परवाना मिळत नाही म्हणून कुणी चोरट्या वाटेने आलेला गावठी कट्टा घेत असेल, तर त्याने आपल्या हाताने आपले घर तुरुंगाला बांधले म्हणून समजावे.

बांधावरचे भांडण

या सगळ्यात एक गोष्ट कुणी उघडपणे बोलत नाही. खेड्यातली हाणामारी परक्याशी कमी आणि भाऊबंदांशी जास्त होते. बांध कोरला, पाण्याची पाळी चुकली, सामाईक विहिरीची मोटर बंद केली, की चुलत्या-पुतण्यांत फावडी उचलली जातात. ही भांडणे हातभर अंतरावर होतात. तिथे खिशातले पिस्तूल बाहेर येईपर्यंत ते हिसकावले जाते. नाही हिसकावले, तर जे भांडण दोन टाक्यांवर आणि तंटामुक्ती समितीपुढे मिटले असते, ते खुनावर जाते. दुसऱ्या दिवशी राग शांत होतो, पण सुटलेली गोळी माघारी येत नाही.

आणि घरातले दुःख वेगळेच. कर्जाचा तगादा, नापिकी, पोरीचे लग्न, अशा काळोख्या रात्री घरात भरलेले हत्यार असणे हे चोरापेक्षा मोठे संकट आहे. उशाखालच्या पिस्तुलाला लहान पोराचा हात लागायलाही वेळ लागत नाही. घर राखायला आणलेल्या वस्तूने घरच बुडू नये.

मग करायचे काय?

नुसते 'घेऊ नका' म्हणून भागत नाही. ज्याची वस्ती गावापासून लांब आहे, त्याने आधी दार, कडी-कोयंडा आणि खिडकीचे गज पक्के करावेत. अंगणात सौरदिवा लावावा, लाईट गेली तरी तो जळतो. दोन चांगली कुत्री पाळावीत. सोने आणि रोकड घरात ठेवू नये, मोबदला किती आला हे चावडीवर सांगत फिरू नये. पाच-सात वस्त्यांनी मिळून एक भोंगा आणि एक ठरलेली खूण ठेवावी. ११२ नंबर म्हाताऱ्या आईलासुद्धा पाठ करून द्यावा. अनेक जिल्ह्यांत ग्राम सुरक्षा यंत्रणा आहे. एक फोन केला की गावातल्या सगळ्यांचे फोन वाजतात. आपले गाव तिच्यात नोंदवले आहे का, हे पोलीस पाटील आणि सरपंच मंडळींनी या आठवड्यात बघावे. ग्राम सुरक्षा दल कागदावर असेल, तर ते रस्त्यावर आणावे. दरोडेखोर पिस्तुलाला नाही, जाग्या गावाला भितो.

ज्यांना आपण अजून तलाठी, ग्रामसेवकच म्हणतो, त्या अधिकारी मंडळींनाही एक विनंती. रात्री-अपरात्री वाळूच्या गाड्या अडवायला एकट्याने जाऊ नका. पोलीस बंदोबस्त लेखी मागा आणि त्याची नोंद ठेवा. खिशात टीचभर पिस्तूल असले की एकट्याने जायचे धाडस येते. हे खोटे धाडसच घात करते. आणि वरिष्ठांनीही बंदोबस्त न देता हाताखालच्या माणसाला नदीपात्रात पाठवू नये.

एवढे सगळे करूनही हत्याराची खरीच गरज असेल, तर कायदा काय सुचवतो ते बघा. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या १३ व्या कलमात संरक्षणासाठी किमान वीस इंच नळीची गुळगुळीत नळीची बंदूक आणि पीकराखणीसाठी ठासणीची बंदूक, यांच्या परवान्याचा खास उल्लेख आहे. आपल्या आजोबांनी माळ्यावर बसून जोंधळा राखला तो अशाच बंदुकीवर. ती खिशात मावत नाही, लग्नात मिरवता येत नाही, बांधावर सहज नेता येत नाही. हाच तिचा गुण. घरात, दाराआड, दोन्ही हातांत धरलेली बारा बोअर हल्ला थांबवायला बारक्या पिस्तुलापेक्षा कितीतरी भरवशाची. ती कुलपात ठेवावी, काडतुसे वेगळी ठेवावीत आणि वर्षातून चार वेळा तरी ठरलेल्या जागी सराव करावा. हे जमत नसेल, तर तीही घेऊ नये.

आणि छोटे हत्यारच हवे असा हट्ट असेल, तर निदान .२२ आणि .२५ च्या नादी लागू नका, .३२ च्या खाली उतरू नका. पण तेही घेताना मनाशी स्वच्छ असा. आपण संरक्षण विकत घेतोय की रुबाब? रुबाबच हवा असेल तर एक चांगली बैलजोडी घ्या. दावणीला शोभेल, पेरणीला कामाला येईल आणि तिच्यापायी कुणाला कोर्टाची पायरी चढावी लागणार नाही.